दहा किलोची बचत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग कांदे चाळीत भरायची गडबड... कारणं पुष्कळ. पण परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थोरल्या पुतण्याने एक फोटो टाकला आणि मला राहवेना. फोटोत नवाकोरा डीप फ्रीझर, झाकण उघडं, आत चिकनच्या पिशव्या एकावर एक रचलेल्या. खाली मजकूर: "आखाडाची तयारी! दहा किलो एकदम. किलोमागे तीस रुपये वाचले." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. एका जावईबापूंनी तर दुकानाचा पत्ताही विचारून घेतला.

मी ग्रुपवर काही बोलले नाही. तिथे बोललं की वाद होतो, आणि वाद झाला की कुणीतरी ग्रुप सोडून जातं, मग त्याला परत आणायला चार फोन करावे लागतात. इथे माझंच घर आहे, इथे बोलते. आमचे नातेवाईक हा ब्लॉग गुपचूप वाचतात हे मला ठाऊक आहे. (वाचून प्रतिक्रिया मात्र कुणी देत नाही. असो.)

आधीच सांगते, मी शाकाहाराच्या प्रचाराला उभी नाही. रविवारी भाकरी आणि झणझणीत रस्सा नसेल तर आमच्या ह्यांना रविवार आल्यासारखा वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. माझं भांडण कोंबडीशी नाही, फ्रीझरशीही नाही. स्वस्त मिळालं म्हणून महिन्याचं चिकन घरात आणून कोंबायचं, ही जी नवी हुशारी आली आहे ना, तिच्याशी आहे. लासूर स्टेशनसारख्या गावात, आपल्यासारख्या घरात, ही हुशारी नाही. महागात पडणारं खूळ आहे. का, ते सांगते.

पहिलं गणित. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, बी.ए. मराठीतून, तरी नफा-तोटा पाचवीच्या वर्गाला मीच शिकवायचे. दहा किलोमागे तीनशे रुपये वाचले, कबूल. आमच्याकडे शंभर लिटरचा फ्रीझर चार वर्षांपूर्वी आला. मुलाने पुण्याहून पाठवला, पंधरा हजारांच्या आसपास. तो चालू झाल्यापासून महिन्याला चाळीसेक युनिट जास्त पडायला लागले. आमचा वापर शंभर युनिटच्या पुढे जातो, आणि त्या टप्प्यात सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांच्या पुढे पडतं. म्हणजे झाले चारशे. तीनशे वाचवायला चारशे खर्च, आणि पंधरा हजार वेगळेच. हे गणित मुलाला सांगितलं तर म्हणाला, "आई, सोयीची किंमत असते गं." बरं, मग सोय म्हण. बचत कशाला म्हणतोस?

आणि दहा किलो दहा किलो म्हणता ते तरी किती? आपल्याकडे दर दोन असतात, जिवंत कोंबडीचा आणि कापून-सोलून दिलेल्या मालाचा. दोन किलोची जिवंत कोंबडी सोलून हातात येते ती तेराशे-चौदाशे ग्रॅम. आता यातला कुठला दर कुठल्या दराशी ताडून बघितला, हे त्या फोटोखाली लिहिलेलं नाही. त्यात गोठवलेल्या मालाचं वजन बर्फासकट. सुटल्यावर पिशवीत लाल पाणी साचतं, ते मोरीत जातं. ते रक्त नव्हे, मांसातलंच पाणी आणि सत्त्व. पाणी गोठताना फुगतं, त्याचे खडे होतात, आणि जितकं हळू गोठेल तितके खडे मोठे. ते मांसाचे तंतू आतून फाडतात. कारखान्यातली यंत्रं झटक्यात गोठवतात, आपला फ्रीझर रात्रभर कण्हत बसतो. तीन किलोच्या गोळ्याचा मधला भाग गोठायला किती वेळ लागत असेल याचा विचार करा. एका दिवसात किती किलो गोठवावं याचा आकडा काही कंपन्या माहितीपुस्तिकेत देतात. ती पुस्तिका तुमच्याकडे कुठे आहे? आमची मिक्सरच्या खोक्यात सापडली, तीही मी शोधायला निघाले म्हणून.

पण पैसे आणि चव यांसाठी मी एवढं लिहिलं नसतं. आता जे लिहिते आहे ते आजवर मी कुठे लिहिलं नाही. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना ते अर्धवट माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. संध्याकाळी वळवाचं वादळ आलं, पत्रे उडाले, खांब आडवे झाले. लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा आली. म्हणजे तीसेक तास. फ्रीझर अर्धा भरलेला. नियम असा आहे की गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता अठ्ठेचाळीस तास थंडी धरतो, अर्धा भरलेला चोवीस तास. हे मला आता माहीत आहे. तेव्हा आम्ही काय केलं? दर दोन तासांनी कुणीतरी झाकण उघडून "बघू अजून घट्ट आहे का" म्हणून बोट खुपसून बघत होतं. बाहेर बेचाळीस अंश. लाईट आली तेव्हा पिशव्या कडेने मऊ आणि मधे दगड अशा होत्या. मी म्हणाले, टाकून द्या. हे म्हणाले, वास तर येत नाही. पाच किलो होतं. पुतण्यानेच शहरातून आणून दिलेलं, मोठ्या हौसेने. टाकलं तर पोराला काय वाटेल! मग पुन्हा गोठू दिलं.

दहा दिवसांनी अक्का आल्या, म्हणजे माझ्या नणंदबाई. वय अठ्ठ्याहत्तर, साखरेचा त्रास. सोबत त्यांची मुलगी, नातवंडं. घर भरलं. रात्री तीन किलोचा गोळा सुटायला काढला. खरं तर तो खालच्या फ्रीजमध्ये ठेवून हळूहळू सुटू द्यायचा असतो, पूर्ण एक दिवस, त्याहूनही जास्त. पण खालच्या फ्रीजमध्ये आमरसाची पातेली, दूध, भिजवलेली डाळ. जागा कुठली? ठेवला परातीत, ओट्यावर, रात्रभर. सकाळी पाहते तर परात भरून पाणी ओट्यावर वाहिलेलं, आणि कडेला कोशिंबिरीसाठी काढून ठेवलेल्या काकड्या त्यात. मी काकड्या नळाखाली धरल्या, फडक्याने ओटा पुसला, आणि त्याच फडक्याने विळी पुसली.

रस्सा पाऊण तास रटरटत होता. कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून, सगळ्यांनी वाखाणला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून एकेक जण आडवा व्हायला लागला. अकरापैकी सात. ताप, पोटात मुरडा, उलट्या. बाकीचे दोन-तीन दिवसांत उठले. अक्कांना संभाजीनगरला न्यावं लागलं. चार रात्री दवाखान्यात, सलाईनवर. अंगातलं पाणी इतकं कमी झालं की मूत्रपिंडावर ताण आला.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "कोशिंबीर कुणी कुणी खाल्ली?" मी बोटं मोजायला लागले आणि मोजता मोजता थांबले. दोन्ही नातवंडांनी चिकन दोनदा घेतलं होतं, कोशिंबिरीला हात लावला नव्हता. ती दोघं खडखडीत. ज्यांनी कोशिंबीर खाल्ली ते सगळे आजारी. रस्सा उकळला होता. काकडी कच्ची होती.

सातवीच्या विज्ञानात सूक्ष्मजीवांचा धडा मी शिकवलेला आहे, शाळेला विज्ञानाचे गुरुजी नव्हते म्हणून. थंडीत जंतू मरत नाहीत, झोपतात, उष्णता मिळाली की उठतात, हे वाक्य मी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिलाच, तेव्हा चिकनचे भाव कोसळले. तेव्हाही आमच्या शिक्षकखोलीत कुणीतरी म्हणालं होतं, आता घेऊन बर्फात टाकून ठेवावं, महिन्याने खावं, तोवर विषाणू मरेल. मी त्यांना ठणकावलं होतं की बर्फात तो टिकतो, मरतो तो शिजवल्यावर, सत्तर अंशांच्या वर. दुसऱ्याला सांगायला सगळं येत होतं.

अक्का बऱ्या झाल्या. पण तेव्हापासून काठीशिवाय चालत नाहीत, आणि आमच्याकडे आल्या की "मला वरण-भातच दे गं" म्हणतात. ताट मी वाढते.

तर मुद्दा असा. तुम्ही म्हणाल, काकू, चूक तुमची झाली, फ्रीझरचा काय दोष? पुतण्या नक्की हेच म्हणणार. आणि हेही म्हणेल की ताज्या चिकनमध्येही जंतू असतातच. दोन्ही खरं आहे. ताज्या चिकनच्या पाण्यानेही काकडी बाटू शकते, आणि फडक्याची चूक माझी, तिच्यातून मी सुटत नाही. पण ताजं अर्धा-एक किलो चिकन दुकानातून थेट पातेल्यात जातं. पिशवीतून काढलं, हळद-मीठ लावलं, चुलीवर चढवलं. त्याला रात्रभर ओट्यावर बसायला वेळच मिळत नाही. तीन किलोचा दगड मात्र कुठेतरी ठेवावाच लागतो. तो ठेवायला फ्रीजमध्ये रिकामा खण हवा, खाली खोल भांडं हवं, एक दिवस आधी आठवण हवी, सुटलेलं त्याच दिवशी संपायला हवं, आणि लाईट जाता कामा नये. यातली एकही गोष्ट आपल्या घरात मे महिन्यात हमखास असते का, छातीवर हात ठेवून सांगा. ज्या देशांतून ही पद्धत आली तिथे तिच्या बाजूची सगळी व्यवस्थाही आहे. आपण फक्त पेटी आणली.

आणि ही आठवण कुणी ठेवायची हो? हा माझा खरा राग आहे, स्पष्टच लिहिते. दहा किलो आणणारा घरातला पुरुष. गाडीच्या डिकीतून पिशव्या काढतो, ओट्यावर आपटतो आणि किती वाचले ते सांगून हात धुऊन टीव्हीपुढे बसतो. मग ते अर्धा अर्धा किलोचं करून पिशव्या भरायच्या कुणी? त्यावर तारीख कुणी लिहायची? आदल्या रात्री काढायचं, सकाळी पाणी निपटायचं, ओटा साबणाने घासायचा, "आज नको, उद्या करू" म्हटलं की त्या सुटलेल्या गोळ्याचं काय करायचं हे ठरवायचं, हे सगळं कुणी? आमच्या सूनबाई पुण्यात नोकरी करतात. त्या म्हणतात, आई, शनिवारी दोन तास चिकन भरण्यात जातात. म्हणजे तीस रुपये किलोमागे जे वाचतात ते बाईच्या वेळेतून वाचतात. तेवढे पैसे तिच्या हातात ठेवा, मग बचत म्हणा.

फ्रीझरची ही लाट आली २०२० मध्ये, हे मला चांगलं आठवतं. त्या मार्चमध्ये आधी अफवा उठली की कोंबडीतून कोरोना होतो. लोकांनी चिकन सोडलं, भाव मातीमोल झाले. बेळगाव जिल्ह्यात एका पोल्ट्रीवाल्याने हजारो पक्षी जिवंत पुरल्याची बातमी आली होती, ती वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग टाळेबंदी लागली आणि तेच लोक काहीच मिळणार नाही म्हणून घाबरून साठवायला लागले. भीती गेली, सवय राहिली.

साठवण आपल्याला नवी नाही, असंही कुणी म्हणेल. खरं आहे. मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून उन्हात वाळवून चान्या करत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात या खाण्याबद्दल वाचायला मिळतं, जरूर वाचा. पण त्या चान्या कुणी आणि का केल्या? ज्यांच्या वाट्याला मांस कधीतरी एकदम यायचं आणि मग कित्येक दिवस काहीच नसायचं, त्यांनी. गरजेपोटी, आणि किती जपून! उन्हात वाळवलेल्या मांसात पाणीच उरत नाही, जंतू जगणार कशावर? त्यांना विजेची वाट बघावी लागत नव्हती. ज्यांच्या दारापासून दोनशे पावलांवर रोज ताजी कोंबडी मिळते त्यांनी स्वतःची तुलना त्यांच्याशी करू नये.

आता कुणी विचारेल, मग स्वस्तात घ्यायचंच नाही का? घ्या की. आपल्याकडे त्याची रीत आहे, आणि ती कुणाला आठवत नाही याचंच मला नवल वाटतं.

वाटे!

माझ्या लहानपणी, शिवना नदीकाठच्या आमच्या खेड्यात, मटणाचं दुकान नव्हतं. सणावाराला किंवा सुगी झाली की दहा-बारा घरं मिळून एक बोकड ठरवायची. मुलाणी येऊन कापायचा. मग लिंबाखाली पळसाची पानं मांडून त्यावर वाटे लावले जायचे. तराजू नसायचा. काळीज प्रत्येकात थोडं, चरबी प्रत्येकात थोडी, नळीचं हाड एकाला आलं तर त्याला एखादा तुकडा कमी. लावणारा म्हातारा इतका नेटका की पुन्हा पुन्हा उचलून इकडचं तिकडे करायचा. आणि तरी कुरकुर नको म्हणून एका पोराला पाठमोरं उभं करायचे. म्हाताऱ्याने वाट्यावर काठी ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पोराने न बघता घरधन्याचं नाव घ्यायचं. मी हट्टाने एकदा तिथे उभी राहिले आहे, मुलगी असून. आमच्या घराचं नाव पहिल्याच वाट्याला घेतलं आणि घरी आल्यावर आजीचा ओरडा खाल्ला, कारण तो हाडांचा निघाला :-)

एकदम खरेदी होती, स्वस्त होती, आणि सूर्य मावळायच्या आत सगळं शिजलेलं असायचं. ज्याच्याकडे पैसे नसत तो सुगीला द्यायचा. एका विधवा बाईचा वाटा तर कुणी मागे न लागता पोचता व्हायचा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी आमच्या गल्लीत हेच सुरू केलं. आम्ही पाच घरं. स्टेशनजवळच्या चिकनवाल्याला (माझा विद्यार्थी, गणितात कच्चा होता, आता हिशेबात मला ऐकत नाही) आदल्या दिवशी सांगतो. पाच-सहा कोंबड्या एकदम म्हटल्यावर तो जिवंत दराने लावतो आणि कापायचे पैसे सोडतो. किलोमागे वीस-पंचवीस रुपये सुटतात. पुतण्याच्या तीसपेक्षा थोडे कमी, पण फ्रीझरचे चारशे लागत नाहीत. डोळ्यांपुढे कापतो, कोंबडी मलूल असेल तर बदलून मागता येते. गोठवलेल्या पिशवीतली कोंबडी कशी होती हे कुणाला विचारणार? साडेदहाला वाटे होतात, बारा वाजता पाचही घरांतून फोडणीचा वास येतो.

त्या चिकनवाल्याचंही ऐकून घ्या. त्याचं गिऱ्हाईक अर्धा किलोवालं. श्रावणात महिनाभर गल्ला रिकामा, नवरात्रात रिकामा, मार्गशीर्षात गुरुवार रिकामे. ज्या चार दिवसांवर तो वर्षाचा हिशेब जमवतो ते आखाडाचे. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपली शिकलेली पोरं शहरातून पेट्या भरून आणतात. उद्या त्याने शटर ओढलं तर लाईट गेल्यावर कुणाकडे जाल?

परवा मी पुतण्याला फोन केला होता. सगळं इतकं सांगितलं नाही, कोशिंबिरीचं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. त्या पाच किलोच्या पिशव्या आपण आणलेल्या होत्या हे त्याच्या ध्यानात आलं असावं. शेवटी म्हणाला, "काकू, मग आता या दहा किलोचं काय करू?" मी म्हटलं, अर्धा अर्धा किलोच्या पिशव्या कर, तूच कर, सूनबाईला लावू नकोस. त्यावर तारीख घाल. जेवढं लागेल तेवढंच खालच्या खणात एक दिवस आधी उतरव. लाईट गेली तर झाकण उघडू नकोस, आणि पूर्ण सुटलेलं आढळलं तर वास बघत बसू नकोस, टाकून दे. आणि ओट्यावर त्या दिवशी काकडी ठेवू नकोस.

आमचा फ्रीझर अजून आहे. त्यात सध्या मटार, ओल्या नारळाचा कीस आणि ह्यांच्या गुडघ्यासाठी बर्फाच्या पिशव्या आहेत. कुणाला हवा असेल तर कळवा, निम्म्या किमतीत देईन. मुलाला सांगू नका.

आखाडातल्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे सहा कोंबड्यांचे वाटे आहेत. अक्काही येणार म्हणाल्या आहेत. जे येणार असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत सांगावं, वाटे आधी मोजावे लागतात.